झिलूची फट

ऐका मंडळी. किनाऱ्यावरचे हे उंच माड अजून रोपं होते, तेव्हाची ही गोष्ट.

शिंपलेवाडीत झिलू मेस्त नावाचा सुतार होता. वारा खेळावा म्हणून त्यानं गावातल्या घरांना पट्ट्यापट्ट्यांच्या झडपांची दारं केली. स्वतःच्या घराला मात्र फणसाच्या सलग फळ्यांचं दार बसवलं, इतकं घट्ट की मुंगीही शिरू नये. भारी मिरवायचा हो त्या दारावरून!

एके दिवशी तो डोंगरावरच्या देवळात कामाला निघाला. बायकोला, चंद्रीला, म्हणाला, "वारो सुटलो तर कडी घाल नि घरातच ऱ्हव. ह्या दारातून समुद्र पण येवचो नाय."

भरदुपारी समुद्र गावात शिरला. झडपा मोडून पडल्या, माणसं बाहेर निसटली, माडांना बिलगून वाचली. झिलूचं दार पाण्यानं फुगलं आणि चौकटीत रुतलं. घर उभंच्या उभं वाहून गेलं, पण दार काही उघडलं नाही, असं म्हणतात.

पुढे समुद्रानं झडपा परत केल्या. किनारभर झडपाच झडपा! लोकांना तर भांडंकुंडं ठेवायलाही जागा उरली नव्हती. झिलूनं एकेक झडप ओळखून गोळा केली, उन्हात वाळवली आणि ज्याची त्याला कपाटं करून दिली. रंधा मारताना लाकडातून पाणी गळायचं, खारट, असं म्हणतात. त्याचं स्वतःचं दार तेवढं आलं नाही. रोज भरतीला जाऊन वेड्यासारखा उभा राहायचा बिचारा.

प्रत्येक कपाटाच्या दाराला तो बोटभर फट ठेवी. शेजारची रखमा म्हणाली, "मेस्तानू, उंदीर जातले की आत!"

"जावंदेत गे बाय. बाहेर पण येतले."

मग एका अमावास्येच्या भरतीला त्याचं दार आलं. चौकटीसकट. आतली कडी तशीच घातलेली. झिलू त्यावर थापा मारत राहिला, "चंद्रे, उघड गे, मी इलंय." पाणी गळ्याशी आलं तरी तो उठला नाही. ओहोटीनं दार नेलं आणि त्यालाही नेलं, असं म्हणतात.

अजूनही शिंपलेवाडीत कपाटाचं दार पुरतं मिटत नाही. तांदळाला कीड लागते, झुरळं माजतात. त्या फटीला झिलूची फटच म्हणतात. एखादी नवी सून चिंधी कोंबून ती बुजवायला गेली, की सासू तिचा हात धरते.

"नको गे. आत कोण ऱ्हवला तर?"