आवडायचे पाय

फार वर्षांपूर्वी, शेवरेबंदराला अजून धक्काही नव्हता, तेव्हा तिथं आवडाय नावाची गाबतीण, मासेमाराची बायको, राहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पाणी कळायचं. वैशाखात न्हाणीतल्यासारखं कढत, पौषात सकाळी नुसतं गार. पाऊस ओसरतानाचं पाणी मात्र लबाड, वर कोमट आणि गुडघ्याखाली बर्फ. ते खालचं गार पाणी बाहेर धावतं आणि माणसाला सोबत नेतं. तिच्या नवऱ्याला त्यानंच नेलं होतं.

गावाची रीत अशी, की नारळीपुनवेला त्या वर्षी लग्न झालेल्या गड्यांनी पोहत समोरच्या खडकावर जायचं आणि नारळ फोडायचा. त्या साली पुनव लवकर आली. सात गडी निघाले, त्यात आवडायचा एकुलता एक भिवाही होता.

आवडाय पहाटेच कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. "पाणी तयार नाय. कोणी येव नको."

बाबल तांडेल, गावचा म्होरक्या, हसला. "गे आवडे, तुझ्या पायांत पंचांग आसा काय?"

"पंचांग सुक्या जागेर ठेवतत. पाय माझे पाण्यात आसत."

भिवा लाजेनं लाल झाला. "आये, लोकांत माझी लाज काढू नको गे."

"लाज गेली तर परत येतली. तू गेलस तर तुका खंयसून आणू?"

तांडेलानं रागानं मानाचा नारळ तिच्या डोक्यावरून फेकला. लाटेनं तो किनाऱ्याला आणायला हवा होता. पण कोणी दोरी बांधून ओढावा तसा तो सरळ बाहेर गेला आणि दिसेनासा झाला. मग कोणी हसलं नाही.

असं म्हणतात, की गडी दक्षिणेकडून उतरायला गेले तर आवडाय तिथं उभी, उत्तरेला गेले तर तिथंही उभी. नऊ दिवस ती पाण्याबाहेर आली नाही. सून पेज घेऊन यायची, ती उभ्यानंच प्यायची. कमरेपर्यंत मिठाचे थर चढले, पायांना शिंपले चिकटले, मासे तिच्याभोवती वळसा घालून जाऊ लागले. भरती यायची ती तिच्या कमरेशी थांबायची. भिवा रोज वाळूत बसून तिच्याकडे बघायचा, आणि चौथ्या दिवसापासून त्यानं घरी चल म्हणणं सोडलं.

दहाव्या सकाळी तिनं पाय हलवले. पाणी वरखाली सारखंच कोमट होतं. ती वळली आणि म्हणाली, "आता येवा."

सातही गडी गेले, सातही परत आले.

आजही शेवरेबंदरात पुनव होऊन गेली तरी कोणी लगेच समुद्रात उतरत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पाण्यात उभी राहते. तिचं नाव काही असो, त्या दिवसांत तिला आवडाय असंच म्हणतात. तांडेल रोज टोपी काढून विचारतो, "आवडाय, येव काय?"

गेल्या साली अकरा दिवस तिनं 'येवा' म्हटलं नाही. बाराव्या दिवशीही तांडेलानं टोपी काढून विचारलं.