कडक स्प्रिंग

एकदा एक नेमबाजीचा प्रशिक्षक आपल्या वृद्ध गुरूंकडे आला, तो अगदी मेटाकुटीला येऊन. सोबत त्याची शिष्या यामिनी होती. दुसऱ्या दिवशी तिची संघासाठी निवड चाचणी होती आणि तिचं पिस्तूल सारखं अडत होतं. त्याहून वाईट म्हणजे, "सर, मला आता खेळायचंच नाही," असं तिने सकाळी सांगून टाकलं होतं.

"गुरुजी, एवढं नीट करून द्या," खुर्चीत अंग टाकत तो म्हणाला. "धक्का कमी बसावा म्हणून सगळ्यात कडक स्प्रिंग घातली, तरी मेलं अडतंच. आणि हिची रोज नवी तक्रार! मी तरी कुठे कुठे पुरा पडू?"

"तक्रार नाही सर, मला फक्त..."

"कारणं नकोत. उद्या निवड आहे."

थकलेल्या माणसाचं असंच असतं बघा. त्याला वाटतं, जगात थकलाय तो एकटाच.

गुरुजींनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते उघडलं. कडक स्प्रिंग काढली आणि चक्क मऊ स्प्रिंग बसवली.

"अहो, हे काय भलतंच! आता तर धक्का वाढेल," प्रशिक्षक वैतागला.

मागच्या मैदानात नेऊन गुरुजींनी यामिनीला नेम धरायला सांगितलं. तिने एकामागून एक गोळ्या झाडल्या. पिस्तूल एकदाही अडलं नाही.

"अरे, गोळी सुटली की हा वरचा भाग मागे जातो," गुरुजी सावकाश म्हणाले. "पुरता मागे गेला, तरच गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडते. स्प्रिंग अगदी ढिली असली तर तो आपटून खराब होतो, हे खरं. पण तुझी इतकी कडक, की पुंगळी बाहेर पडायच्या आत दार बंद! मग ती अडकेल नाही तर काय? आधी आतलं बाहेर पडू द्यावं रे. मिटायला काय, मग मिटताच येतं."

प्रशिक्षक ओशाळला. गुरुजी पिस्तुलाबद्दल बोलत होते. पण त्याला मघाचे आपलेच शब्द टोचू लागले.

"यामिनी, तू काहीतरी सांगत होतीस."

"काही नाही, सर."

'मग झालं तर' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. सवयच ती! त्याने ते गिळले आणि तो नुसता उभा राहिला.

"आई अंथरुणाला खिळलीय, सर," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "स्वयंपाक, तिचं औषधपाणी, सगळं उरकून मी सरावाला येते. झोपच होत नाही हो." बोलता बोलता तिला रडू फुटलं. त्याने तिला रडू दिलं. उपदेश केला नाही, उपायही सुचवला नाही.

"एवढंच सांगायचं होतं," ती डोळे पुसत म्हणाली.

उद्या खेळणार का, हे त्याने विचारलं नाही. तिनेच पिस्तूल पेटीत ठेवलं आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.