जाळ्यामागची आक्का

निवड समितीचे अध्यक्ष रणनवरेसाहेब म्हणजे स्वतःच्या सावलीवरही संशय घेणारा माणूस. फुटबॉल विश्वचषकाच्या सराव शिबिरात सदतीस वर्षांची गोलकीपर शुभदा इंगवले दिसली आणि त्यांचं डोकंच फिरलं. पोरींनी मारलेले चेंडू तिच्या हातात अलगद येत होते. अंगाला मातीचा कण नाही!

"संगनमत आहे हे!" साहेब कडाडले. "पोरी आक्काला सांभाळून घेतात, मुद्दाम तिच्याच अंगावर मारतात. उद्यापासून वीस वर्षांची तन्वी गोलात उभी राहील."

"उद्या कशाला? आत्ताच राहू द्या की," शुभदा म्हणाली. हातमोजे काढून ती गोलाबाहेर, जाळ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

तन्वीनं झेपांवर झेपा घेतल्या, मातीनं माखली, तरी पाच चेंडू तिला चुकवून गेलेच. प्रत्येक वेळी चेंडूला लाथ बसायच्या आत शुभदा दोन पावलं सरकायची आणि चेंडू नेमका तिच्या छातीसमोर जाळ्यावर आदळायचा.

साहेबांनी पाचही वेळा ते पाहिलं.

"साहेब," शुभदानं जाळ्यामागूनच विचारलं, "आता तर मी गोलातच नाही. मग पोरी सांभाळून घेतायत कुणाला?"