आंदणातला सार्जंट

"दर घरामागे एक पुरुष!" फ्रेंच कप्तानानं फर्मान काढलं आणि न्येले हातातलं काम टाकून धावली. तिच्या घरात पुरुष एकच, नवरा सिबिरी. मागावर बसला की राजा, पण कोंबडीनं डोळे वटारले तरी मागे सरकणारा. असल्या माणसाला समुद्रापलीकडच्या लढाईत नेणार होते!

नायजर नदीकाठच्या त्या गावात गोरखचिंचेखाली कप्तान साहेब खुर्ची टाकून बसला होता. शेजारी सार्जंट मोरिबा उभा. हा त्याच मुलखातला. साहेबाला गावची भाषा येत नव्हती, म्हणून इकडचं तिकडचं सगळं बोलणं मोरिबाच्या तोंडून जायचं. छातीवर पदकं, चेहरा दगडाचा. त्याला हसताना पलटणीत कुणी पाहिलं नव्हतं.

सिबिरी रांगेत उभा होता. टोपी कानांखाली आलेली, बूट उलटसुलट पायांत. त्याला बघून न्येलेला रडू आलं आणि हसूही.

"साहेब, याला सोडा. लढाईतून पळण्यात याचा पहिला नंबर येईल."

"सोडतो की," साहेब म्हणाला. "त्याच्याऐवजी तुझ्या घरचा दुसरा पुरुष आणून उभा कर. सूर्य डोक्यावर यायच्या आत." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यानं पाईप पेटवला.

न्येलेला ना भाऊ, ना दीर. सासरा तर कधीच गेलेला. पुरुष काय परड्यात उगवतो? ती हताश होऊन इकडेतिकडे बघत राहिली. बघता बघता नजर सार्जंटवर थांबली.

"दादा, तुमचं आडनाव काय?"

"त्राओरे."

न्येलेचा चेहरा खुलला. ती कोने घराण्यातली. आता तिकडची रीत अशी, की कोने आणि त्राओरे या कुळांचं थट्टेचं नातं. आपल्याकडे लग्नात व्याह्यांची टिंगल करतात ना, तसंच, पण जन्मभराचं. एकानं दुसऱ्याला आपला घरगडी म्हणावं, चवळीखाऊ म्हणावं. समोरच्यानं रागवायचं नाही, हात उगारायचा नाही, आणि नाही म्हणायचं तर मुळीच नाही. नाही म्हटलं की पूर्वज रुसतात.

"अरे चवळीखाऊ!" न्येलेनं कमरेवर हात ठेवले. "मालकीण समोर आली तरी ओळख देत नाहीस?"

सार्जंटच्या मिशीचं एक टोक हललं.

"काय म्हणते ती?" साहेबानं विचारलं.

"साहेब, ती म्हणते..." सार्जंटनं घसा साफ केला. "मी चवळीखाऊ आहे."

"पुढे? शब्दन् शब्द सांग."

"सांग ना," न्येले म्हणाली. "तू आमच्या घरचा गडी. आजोबांनी माझ्या लग्नात आंदण दिलेला. चवळीची अख्खी हंडी चाटूनपुसून पळालास, तो थेट फौजेत शिरलास!"

सार्जंट ताठ उभं राहून स्वतःची अब्रू शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये काढत गेला. मागे पलटण जमिनीकडे बघत होती आणि बंदुका गदगदत होत्या.

साहेबाचा पाईप विझला. "सार्जंट, हे खरं आहे?"

हा नाही म्हणाला तर सिबिरी गेलाच. सार्जंटनं सिबिरीच्या उलट्या बुटांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, जिथे पूर्वज असावेत. त्यानं कडक सलाम ठोकला.

"खरं आहे, साहेब. हंडी मोठी होती."

"मग झालं तर," न्येले म्हणाली. "दर घरामागे एक पुरुष, असं तुम्हीच म्हणालात. आमच्या घरचा तर तुमच्याकडे केव्हाचा आहे, वर पदकं लावून. दुसरा कशाला मागता?"

हेही सार्जंटनंच साहेबाला सांगितलं.

साहेबाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो जो हसत सुटला, तो खुर्चीसकट मागे कलंडला. पडल्या पडल्याच त्यानं सिबिरीला सोडायला सांगितलं, आणि बाईला बक्षीस म्हणून रसदीतलं चवळीचं एक पोतं द्यायलाही.

न्येलेनं पोत्याकडे पाहिलं.

"जड आहे हो, साहेब. आमचा गडी घरापर्यंत पोचवेल का?"

सार्जंटनं पोतं डोक्यावर घेतलं, आणि पलटणीनं त्याला पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं. त्याच्या पुढे बूट हातात घेऊन सिबिरी धावत सुटला होता. मागून न्येले ओरडत होती, "चवळीखाऊ, वाटेत पोतं उघडून खायचं नाही, सांगून ठेवते!"