पडलेला पेरू कोणाचा?

पडलेले फळ कोणाचे असते, सांगाल का? उत्तर मनातच ठेवा आणि ऐका.

एका राज्यात वीरभान नावाचा राजा होता. त्याच्या महालामागे साठ झाडांची पेरूबाग होती. चिमाई माळीण ती सांभाळी. झाडे तिच्या बापाने लावलेली.

एकदा दारी आलेल्या मांत्रिकाला राजाच्या सेवकाने खाली पडलेला पेरू दिला. आत अळ्या वळवळत होत्या. मांत्रिक संतापून म्हणाला, "पडलेले ज्याचे त्याला पोचेपर्यंत या बागेतले प्रत्येक फळ किडेल!"

पंडितांनी अर्थ लावला, "पडलेले ते धरणीचे." मग राजाज्ञा झाली, पडलेल्या पेरूला कोणी हात लावायचा नाही. सात पावसाळे सडा तसाच कुजत राहिला. पाखरे टोचतात म्हणून झाडांवर जाळीही चढली. तरी फळे आतून किडतच.

अखेर राजा चिमाईला म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत एक निरोगी पेरू दाखव. नाहीतर बागेला कुऱ्हाड."

चिमाई बापाच्या एका झाडाखाली येऊन बसली. वर जाळीत एक साळुंकी अडकलेली. चिमाईने विळ्याने दोरे कापले, तशी साळुंकी बोलली.

"माळीणबाई, धरणीला नैवेद्य दाखवता, की तिच्या अंगावर फेकता?"

"म्हणजे गं?"

"तिच्या पोटात घाल. दोन हात खोल पूर. मातीवर पडलेल्या फळातून अळ्या मातीत शिरतात, माश्या होऊन निघतात आणि पुन्हा फळात अंडी घालतात."

"पण हात लावायचा नाही, अशी आज्ञा आहे."

"मग फावड्याने उचल!"

चिमाई हसली आणि खणायला लागली. रोज सकाळी नवा सडा, रोज नवा खड्डा.

आठ दिवसांनी साळुंकी म्हणाली, "आता तुळस चुरून मडक्यांतल्या पाण्यात घाल आणि फांद्यांना टांग." वासाला भुलून माश्या आल्या नि बुडाल्या.

आणखी आठ दिवसांनी साळुंकी म्हणाली, "आता जाळी काढ. उरलेली कीड आम्ही वेचू."

"आणि पेरू?"

"दहात एक आमचा. खोटे कशाला बोलू?"

जाळी राजाची होती. पण झाडे बापाची होती. तिने जाळी उतरवली.

पौर्णिमेला कुऱ्हाडवाले घेऊन राजा आला.

"जाळी कोणी काढली?"

"मी, महाराज."

"कोणाला विचारून?"

"साळुंकीला."

कुऱ्हाडवाले खो खो हसले. चिमाईने एक पेरू तोडला आणि राजासमोर चिरला. आत पांढराशुभ्र गर, एकही अळी नाही. त्याच क्षणी बागेवरून काळा धुरळा उठला आणि डोंगरापलीकडे निघून गेला. शाप सुटला होता. धरणीचे धरणीच्या पोटात पोचले होते.

राजाने पेरू खाल्ला, बियाही थुंकल्या नाहीत. मग साळुंकीची सगळी हकिगत ऐकून म्हणाला, "चिमाई, बाग तुझ्या मताने चालेल. दहावा पेरू पाखरांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीने बापाच्या झाडावरचा सगळ्यांत पिकला पेरू फोडला, आणि तिला कोणी हाकलले नाही.