मोडलेली परिक्रमा

"म्हणजे बुवा, तीन वर्षं पाण्यात गेली म्हणायची?"

निरंजनबुवा वाकून चूल फुंकत होते. नर्मदेवरून असा भणाण वारा सुटला होता की जाळ धरतच नव्हता.

रंगभट कुडकुडत बसला होता. वाईचा हा पोरगा तसा गुणी, पण ताठा फार. नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला कुठेही ओलांडायचं नाही, हा परिक्रमेचा नेम. ओलांडली की सगळं चाललेलं फुकट. वाटेत कुणी जरा ढिलाई केली की रंगभट त्याला चार शब्द ऐकवायचाच. खुद्द त्याचे गुरू, हे निरंजनबुवा, परिक्रमा अर्धवट टाकून या उत्तर काठावर झोपडी बांधून राहिले, तेव्हा 'बुवा थकले' असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

आणि आज, महिन्याभराची वाट उरली असताना, त्यानेच मैया ओलांडली होती.

तो तरी काय करणार? सत्तावनच्या बंडाचं दुसरं वर्ष. बंडवाल्यांनी दक्षिणेत उतरू नये म्हणून गोऱ्यांच्या पलटणीने काठावरच्या नावा जाळल्या होत्या. बुवांनी वेळूच्या बेटात दडवलेली होडी तेवढी वाचली. दुपारी एक जखमी शिपाई झोपडीच्या दारात कोसळला. पलटण मागच्याच गावात होती. बुवांच्या कापऱ्या हातांना वल्हं धरवेना. मग रंगभटाने ते उचललं.

"झाडीत शिरला ना तो?" बुवांनी विचारलं.

"शिरला. तेवढं बघूनच परतलो."

"मधेच होडी कलंडत होती रे. माझा जीव टांगणीला लागला होता."

"मी... डाव्या कडेला बसलो होतो."

"ते का?"

"मैया उजव्या हाताला राहावी म्हणून."

बुवा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला.

"अरे वेड्या, आणि डावीकडे काय होतं?"

रंगभटालाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. बुवांनी आपली घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली, पदराने पुसावं तसं तिच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. फार जीव होता त्यांचा या पोरावर.

"खरं सांगा बुवा. मोडली ना परिक्रमा?"

"मोडली."

'नाही रे' म्हणतील, अशी वेडी आशा होती रंगभटाला.

"तुम्ही निदान थकून थांबलात. मी तर..."

"थकलो कुठे? नावा जाळल्या त्याच संध्याकाळी एकाला पलीकडे नेलं. मग काय, हात चालत होते तोवर रोजच मोडत गेली."

रंगभट त्यांच्याकडे पाहतच राहिला. 'बुवा थकले' हे आपलेच शब्द त्याला आठवले आणि मान वर होईना.

शेवटी त्याने बुवांचे पाय धरले.

"बुवा, मला प्रायश्चित्त सांगा. सांगाल ते करीन."

"सांगतो. आधी दोन घास खाऊन घे. संध्याकाळी आणखी चौघं येणार आहेत."