साळिंदराचा खालचा हात

एका रानात एक साळिंदर राहत असे. रानातले सारे त्याला ओळखत ते काट्यांमुळे नव्हे, तर गोलंदाजीमुळे! हात कमरेच्या वर न नेता ते खालूनच चेंडू टाकी. चेंडू गवताला लगटून येई आणि भल्याभल्यांचा त्रिफळा उडवी.

मग एका वानराने नवी तऱ्हा आणली. हात खांद्यावरून गरकन फिरवायचा आणि चेंडू जमिनीवर आदळायचा. झाले! मुलांनो, फॅशनची साथ रानातही पसरते. जो तो हात फिरवू लागला. "आजोबा, ही गोलंदाजी की गोट्यांचा डाव?" ससा खिदळला. साळिंदराला ते फार लागले. त्यानेही एकदा हात वर नेऊन पाहिला. तर काटे ताठ उभे राहिले आणि मागे उभा असलेला पंच बगळा किंचाळत पळाला!

नदीपलीकडच्या संघाशी सामना ठरला. जो हरेल त्याने वर्षभर कुरणावर पाऊल ठेवायचे नाही, अशी अट होती. "आजोबा, तुम्ही आता आराम करा," संघनायक कोल्हा म्हणाला. "मला संघातून काढायचे तर सामन्यानंतर काढ," साळिंदर ठामपणे म्हणाले. "हात मी बदलणार नाही. माझा चेंडू मला ठाऊक आहे." अकरावा गडी मिळेना, म्हणून कोल्ह्याने नाइलाजाने त्याला घेतले.

पलीकडच्यांचा रानगवा खेळायला आला. उसळत्या चेंडूंचाच त्याने महिनाभर सराव केला होता. वानराला त्याने असे झोडपले की चेंडू झाडांत शोधावे लागले. अखेर त्यांना दोन धावा हव्या होत्या आणि एकच गडी बाद व्हायचा होता. कोल्ह्याचे तोंड एवढेसे झाले. त्याने चेंडू साळिंदराच्या हाती दिला.

साळिंदर आधी खेळपट्टीवर सावकाश चालून आले. उतार कुठे आहे ते तळव्यांना कळले. "चेंडू पोचेपर्यंत माझी एक डुलकी होईल!" गवा फुरफुरला आणि त्याने बॅट उंच उगारली. साळिंदराने हात कमरेखालूनच फिरवला. चेंडू संथपणे निघाला. गवा तो उसळण्याची वाट पाहत राहिला; चेंडू मात्र गवताला लगटून उतारावर वळला आणि उगारलेली बॅट खाली येण्याआधीच मधली यष्टी उडाली!

कोल्हा धावत आला. "आजोबा, पुढच्या सामन्यात पहिले षटक तुमचे!"

"ते माझेच होते," साळिंदर म्हणाले. "तुम्ही मधे उगाच वानराला दिलेत."

तात्पर्य : नवे आले म्हणून जुने टाकाऊ होत नाही, घोटून हाती बसलेली कला लोकांच्या हसण्यापायी सोडू नये.